ओठांआधी आलेला कुबूल

नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल, तर आधी हात खाली येताना दिसतो आणि हात पुन्हा वर गेल्यावर आवाज कानावर पडतो. प्रकाश लगेच पोचतो. आवाजाला सेकंदाला साधारण 340 मीटर या वेगानं यावं लागतं. म्हणजे 170 मीटर लांबून यायला त्याला अर्धा सेकंद लागतो. आवाज थोडा मागून येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. उलटा प्रकार, म्हणजे आधी आवाज आणि मग हात, निसर्गात कधी घडत नाही.

म्हणूनच व्हिडिओत आवाज जरा उशिरा आला तर आपण चालवून घेतो, पण आधी आला तर लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं (आयटीयू) टीव्ही प्रसारणासाठी याचे आकडेच दिले आहेत. आवाज 125 मिलिसेकंदांपेक्षा जास्त मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं, आणि पुढे गेला तर 45 मिलिसेकंदांतच जाणवतं. सेकंदाचा विसावा भाग म्हणजे 50 मिलिसेकंद. तेवढंही आपल्या लक्षात येतं.

मी ज्या व्हिडिओबद्दल सांगणार आहे, त्यात आवाज जवळजवळ दीड सेकंद पुढे होता. आणि तो व्हिडिओ निकाहचा होता.

वांगणी म्हणजे कर्जतच्या गाडीनं जाताना बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन. इथं घरं स्वस्त मिळतात म्हणून गेल्या कित्येक वर्षांत अनेक अंध कुटुंबं येऊन राहिली. लोकलमध्ये पेन, चेन, मोबाइलचे कव्हर विकणारे अंध फेरीवाले आपण पाहतो, त्यांतले बरेच जण संध्याकाळी वांगणीला उतरतात. माझ्या ओळखीच्या एका घरात असाच एक मुलगा आहे. त्याचं लग्न झालं. मुलगीही अंध. निकाहचं चित्रण एका नातेवाइकानं मोबाइलवर केलं. आवाज चांगला यावा म्हणून नौशानं स्वतः आग्रह धरून काझीसाहेबांच्या माइकजवळ एक छोटा रेकॉर्डर ठेवला होता. चित्र कसं येतं ते तुम्ही बघा, आवाज मात्र मला नीट पाहिजे, असं त्याचं म्हणणं. नंतर एका दुकानात दोन्ही जोडून पेनड्राइव्ह करून घेतला.

तो पेनड्राइव्ह घरात लागला आणि खाला म्हणाल्या, "ह्याचं तोंड मिटलेलं आणि कुबूल ऐकू येतंय. जसा दुसऱ्याच कुणाचा निकाह चाललाय."

खरंच तसं होतं. काझीसाहेब विचारतात, मुलगा मान खाली घालून गप्प बसलेला, आणि त्याच क्षणी "कुबूल है" ऐकू येतं. मग त्याचे ओठ हलतात तेव्हा पुढचा प्रश्न चालू असतो. व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. कुणी हसण्याची चिन्हं टाकली. कुणीतरी लिहिलं, "आवाज कोणी दिला मागून?"

मस्करीच होती. पण नौशाला ती लागली. तो मला म्हणाला, "भाई, हॉटेलात गेलो तर वेटर माझ्याबरोबरच्या माणसाला विचारतो, हे काय खातील? बँकेत गेलो तर तेच. आता निकाहपण माझ्या वतीनं दुसऱ्यानं कुबूल केला असं झालं."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. लॅपटॉप उघडला.

आवाज आणि चित्र वेगळं का पडतं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. अर्देशिर इराणींनी त्यात आवाज आणि चित्र एकाच वेळी, एकाच फिल्मवर घेतलं होतं. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर शूटिंग चालायचं. पहिलं गाणं फकिराच्या भूमिकेतल्या डब्ल्यू. एम. खान यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर गायलं. ज्याचे ओठ त्याचाच आवाज. पुढे आवाज वेगळा आणि चित्र वेगळं घेणं सोयीचं वाटू लागलं आणि दोन्हींची गाठ मारायला पाटी आली. शॉटच्या सुरुवातीला पाटीची फळी आपटायची. फळी मिटते ती फ्रेम आणि 'टक्' हा आवाज एकमेकांवर ठेवले की बाकी सगळं जागेवर येतं.

घरच्या निकाहात पाटी कोण आपटणार? शिवाय दुकानात जोडताना मोबाइलचा मूळ आवाज पुसला गेला होता. तो असता तर दोन्ही आवाजांच्या लहरी शेजारी ठेवून काम दहा मिनिटांत झालं असतं. मूळ फाइल मोबाइलमधून कधीच उडवलेली. हातात होतं ते मुकं चित्र आणि त्याच्यावर चढवलेला रेकॉर्डरचा आवाज.

अशा वेळी दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, दोष फाइलमध्ये आहे की ऐकण्याच्या साधनात? ब्लूटूथ स्पीकरवर आवाज मागे पडू शकतो, तेव्हा वायरचा इअरफोन लावून बघायचं. इथं तर आवाज पुढे होता, वायर लावूनही पुढेच राहिला. दुसरी, फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे की वाढत जातो? सारखा असेल तर इलाज सोपा. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज 50-50 मिलिसेकंद मागेपुढे सरकतो. वाढत जात असेल तर नुसतं सरकवून उपयोग नाही. सुरुवात जुळली की शेवट बिघडतो.

हे कळायला मला दोन जागा हव्या होत्या, एक सुरुवातीची आणि एक शेवटची. तिथं काहीतरी आपटताना दिसलं पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. मी चित्र बघत शोधत होतो. टाळी नाही, दार नाही. आवाजात मात्र नुसती गर्दी, खुर्च्यांची खरखर, मुलांचा गलका. त्यातलं काय कशाचं, मला ओळखता येईना.

नौशा शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, "परत लावा जरा. हां, ही माझी काठी."

मला तिथं काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यानं बोट धरल्यासारखं दाखवलं. गलक्याच्या खाली तीन बारीक टकटक. त्याची पांढरी काठी चार तुकड्यांची घडीची आहे. बसताना तो ती मिटतो, तीन सांधे, तीन आवाज. चित्रात पाहिलं, तर खरंच, गादीवर बसताना त्यानं काठी मिटून मांडीखाली ठेवली होती. शेवटचा तुकडा मिटतो ती फ्रेम मी पकडली. आवाज तिच्या 12 फ्रेम आधी होता. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर 0.4 सेकंद.

शेवटची जागाही त्यानंच सांगितली. "हे खजुराच्या डब्याचं झाकण. स्टीलचं आहे, फरशीवर पडून फिरलं." चित्रात 50 मिनिटांनंतर एका लहान मुलाच्या हातून ते झाकण सुटताना दिसतं. तिथं आवाज 3.4 सेकंद पुढे होता.

म्हणजे 50 मिनिटांत फरक 3 सेकंदांनी वाढला. 3000 सेकंदांत 3 सेकंद, हजारात एक. हा आकडा दिसला की व्हिडिओचं काम करणारा ओळखतो. सेकंदाला 30 फ्रेमनं घेतलेलं चित्र 29.97 च्या हिशेबात बसवलं गेलं आहे. 29.97 हा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेला आकडा, आजही सॉफ्टवेअरमध्ये तो निवडलेला असतो. त्यामुळे चित्र हजारात एक भाग संथ चालतं. डोळ्याला ते कळत नाही. पण आवाज आपल्या खऱ्या वेगानं जात राहतो आणि चित्र दर मिनिटाला थोडं थोडं मागे राहतं. कुबूलची वेळ आली तेव्हा काठीपासून 20 मिनिटं झाली होती. सुरुवातीचे 0.4 आणि वाढलेले 1.2, मिळून 1.6 सेकंद.

इथं एक निर्णय करावा लागतो. आवाज ताणून चित्राशी जुळवायचा, की चित्र पुढे ओढून आवाजाशी? बहुतेक वेळा लोक आवाजच ताणतात, कारण चित्र हे मुख्य असं धरलेलं असतं. मी आवाजाला हात लावला नाही. चित्राचा वेग पुन्हा 30 केला आणि उरलेले 0.4 सेकंदही चित्राच्याच बाजूनं कमी केले. दोष चित्रात होता, हे एक कारण झालं. दुसरं कारण निकाहचंच आहे. निकाह हा मुळात बोलण्याचा आणि ऐकण्याचा विधी आहे. ईजाब आणि कुबूल साक्षीदारांनी ऐकले पाहिजेत. हनफी फिक्हमध्ये निकाहचा साक्षीदार अंध असला तरी चालतो, पण ऐकू न येणारा चालत नाही. त्या दिवशी जे घडलं ते आवाजात घडलं होतं. चित्रानं त्याच्या मागे यायचं.

हे काम करताना मला हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम आठवत राहिले. सूरह अबसचा संबंध ज्यांच्याशी आहे तेच हे अंध सहाबी. मदिनेत बिलाल रात्र असतानाच अजान द्यायचे, म्हणून रोजा धरणाऱ्यांना सांगितलेलं होतं की इब्न उम्मे मकतूम यांची अजान होईपर्यंत खा, प्या. ते अंध होते. उजाडलं, उजाडलं, असं लोकांनी सांगितल्यावर ते अजान द्यायचे. मला यातली व्यवस्था फार सुंदर वाटते. डोळे शेजाऱ्याचे, आवाज त्यांचा, आणि सगळं शहर त्या आवाजावर घास थांबवायचं. अंध माणसाच्या वतीनं कुणी बोलत नव्हतं. शहराच्या वतीनं तो बोलत होता.

वांगणीचं नाव देशभर पोचलं तेही एका व्हिडिओनंच. 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्टेशनवर एका अंध आईबरोबर चालणारा लहान मुलगा रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः कसेबसे वर चढले. रेल्वेनं त्यांना 50 हजारांचं बक्षीस दिलं, त्यातले अर्धे त्या मुलासाठी देणार असल्याचं त्यांनी सांगितलं. स्टेशनच्या सीसीटीव्हीतलं ते दृश्य आपण सर्वांनी पाहिलं. त्याला आवाज नव्हता. मोबाइलवर फिरताना कुणी कुणी त्याच्यावर ढोल, बासरी, सिनेमाचं संगीत चढवलं.

मी जेव्हा जेव्हा ते पाहतो तेव्हा फलाटाच्या काठाशी चाचपडणाऱ्या त्या आईकडे नजर जाते. आपल्याजवळ त्या क्षणाचं फक्त चित्र आहे. तिच्याजवळ फक्त आवाज होता. गाडीचा, मुलाचा, धावणाऱ्या पावलांचा. तो कुठेच नोंदला गेला नाही, आणि त्याच्या जागी आपण बासरी वाजवली. त्या क्षणाचं खरं सिंक आता कुणालाच करता येणार नाही.

निकाहच्या व्हिडिओचं तेवढं तरी करता आलं. दुरुस्त केलेली फाइल मी आधी मधल्या जागेवर तपासली. काझीसाहेबांचा प्रश्न, क्षणभर शांतता, ओठ उघडले आणि कुबूल. तिन्ही वेळा बरोबर. खालांनी पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. नौशानं विचारलं, "आता तोंड माझंच दिसतंय ना?" खाला म्हणाल्या, "तुझंच रे."

तुमच्या घरी असं काही कार्य असेल आणि आवाज वेगळा घेणार असाल, तर एवढं करा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा आणि शेवटी आणखी एक. कॅमेऱ्याचा मूळ आवाज पुसू नका. मोबाइलचं चित्रण असेल तर ते बहुतेक वेळा कमीजास्त फ्रेमच्या वेगानं झालेलं असतं, ते हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाचं करून मगच जोडायला द्या. आणि दुकानदाराला सांगा, काही जुळवायचं झालं तर आधी आम्हाला विचार.

निघताना मी नौशाला विचारलं, सुरुवातीचा बसण्या-उठण्याचा भाग कापून टाकू का? निकाह खुतब्यापासूनच सुरू होईल, छान दिसेल.

तो म्हणाला, "काठी राहू द्या. तिच्यावरूनच कळतं की मी बसलो."