पिसाचा गळ आणि पहिले शील

आमच्या घरात मासे धरणारे कोणी नव्हते, खाणारे मात्र सगळेच. त्यामुळे निवृत्तीनंतर मी गळ घेऊन मोरा बंदराकडे निघालो तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "बाजारात मासे मिळायचे बंद झाले का?"

याला कारण झाला माझा भाचा. तो बोटीवर नोकरी करतो. सुट्टीवर येताना त्याने एक लवचीक काठी आणि डबीभर पिसांच्या माश्या आणल्या. माशी म्हणजे खरी नव्हे, गळाला दोरा आणि पीस गुंडाळून केलेली. हा प्रकार फार जुना. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधतात असे लिहून ठेवले आहे. पिसाला वजन नसते म्हणून दोरीच जाड आणि जड ठेवतात. काठी मागेपुढे हलवून ती दोरी फेकायची की तिच्यामागे माशी जाते.

वाचायला सोपे वाटते. मोऱ्याच्या धक्क्यावर समुद्राचा वारा सुटलेला. पहिल्या फेकीत माशी माझ्याच सदऱ्यात रुतली, दुसऱ्या फेकीत एका होडीच्या दोरात. शेजारी एक म्हातारे कोळी काका गरी टाकून बसले होते. ते पोटभर हसले आणि मग म्हणाले, "दादा, या गढूळ पाण्यात मासा तुमचं पीस बघणार कसा? इथला मासा वासावर येतो."

खरेच होते. पिसाचा गळ थंड, नितळ ओढ्यांचा. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट मासा आणून सोडला, तिथे तो चालतो. आमच्या खाडीत चिखल. काकांनी मला तंगूस, शिसे आणि कोळंबी लावलेली गरी दिली. भरतीचे गणितही दिले: तिथीला तीनने गुणून चाराने भागायचे, की भरतीची वेळ निघते, थोडी मागेपुढे. अष्टमीला सहा. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरगळलेले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा मासा खाडीत आत येतो.

दुपारी त्यांनी आपल्या बाटलीतले पाणी मला दिले आणि मग स्वतः प्यायले. त्यात काही विशेष आहे हे त्यांच्या ध्यानातही आले नसावे. मला मात्र आजोबा आठवले. चवदार तळे आपल्याच जिल्ह्यातले, १९२७ साल काही फार लांबचे नाही.

पहिला मासा लागला तो शिंगटी. आनंदाच्या भरात मी तो हाताने धरला आणि काटा तळव्यात घुसला. हात खांद्यापर्यंत ठणकला. घरी सोसेल इतक्या कडक पाण्यात हात बुडवून ठेवला तेव्हा दुखणे उतरले. मासा आम्ही खाल्ला, आणि गोड लागला हे कबूल करतो.

जेवताना नात म्हणाली, "आजोबा, रविवारी विहारात तुम्ही पंचशील म्हणता. पहिलं शील कोणतं?"

घास तसाच राहिला. रात्री बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला. हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत बाबासाहेबांनी फरक केला आहे. हे वाचून मी सुटलो असे वाटले. पण झोप येईना. कोळी काकांचे पोट गरीवर आहे. माझे पेन्शनवर. मग धक्क्यावर मी कशाला जातो? दोरीला झटका बसतो तेव्हा छातीत जे होते, त्यासाठीच ना?

भाचा सांगतो की परदेशात पिसाचे गळवाले मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतात, जीव वाचतो. मला ते जास्त खटकते. खायचाही नाही आणि सोडायचाही आहे, तर त्याच्या तोंडात गळ केवळ आपल्या गंमतीसाठीच गेला. त्यापेक्षा काकांचा व्यवहार साफ.

मी गळ टाकून दिलेला नाही. घरात लागेल तेवढेच, लहान पिल्लू अडकले तर सोडतो, एवढे पाळतो. आणि नातीशी एक ठराव झाला आहे: पौर्णिमेला धक्क्यावर जायचे नाही. त्या दिवशी उपोसथ, पांढरी वस्त्रे घालून विहारात जायचे. नेमके उधाणही त्याच दिवशी!

गेल्या पौर्णिमेला वंदना संपून प्रवचन सुरू होते. खिडकीतून खारा वारा आला. मी डोळे मिटून होतो. पंधरा गुणिले तीन, भागिले चार... नातीने कोपराने ढोसले आणि कानात विचारले, "आजोबा, किती वाजता भरती?"

"सव्वा अकरा," माझ्या तोंडून निघून गेले.