दोन बटणं, एक शाई

मतदारसंघांच्या सरकारी यादीत किनवट ८३ वा आहे. तिथून नांदेड जिल्ह्याची मोजणी सुरू होते आणि ९१ व्या मुखेडला संपते. पुढे क्रमांक हिंगोली, परभणी, नाशिक, मुंबई, पुणे, नगर, बीड असा साऱ्या राज्याला वळसा घालून २३४ ला लातूर जिल्ह्यात शिरतो. उदगीर २३७ वा. कागदावर मुखेड आणि उदगीर यांच्यात एवढं अंतर आहे. जमिनीवर मात्र मुखेड तालुक्यातलं जांब सोडलं की थोड्याच वेळात उदगीर मतदारसंघातलं जळकोट लागतं आणि शिवारं एकमेकांना भिडलेली दिसतात. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीच्या वेळी मी या दोन्ही जिल्ह्यांतले पंधराही मतदारसंघ एसटीनं, रेल्वेनं आणि मिळेल त्या काळीपिवळीनं पालथे घातले. माझं आजोळ उदगीरचं. त्यामुळे इथल्या माणसांविषयी 'लाट आली, वाहून गेले' असं कुणी लिहिलं की मला ते लागतं.

माहूरची रेणुका पाहून किनवटला आले. सागाची पानं अजून झाडावर होती. गोंड, कोलाम आणि बंजारा वस्तीचा हा भाग. मतदारसंघ राखीव नाही, तरी भाजपचे आमदार भीमराव केराम आदिवासी समाजातले. तांड्यावर एका नाईकाच्या ओट्यावर बसले. भोंग्याची गाडी येऊन गेली होती. "गाडीचा आवाज येतो, फोनला रेंज येत नाही," असं तो सहज बोलून गेला. किनवट नांदेड जिल्ह्यात असलं तरी लोकसभेला हिंगोलीत जातं. हदगावचंही तसंच. लोहा लोकसभेला लातूरला जोडलेलं आहे आणि लातूर जिल्ह्यातलं औसा धाराशिवला. २००८ च्या पुनर्रचनेनं आखलेल्या या रेघा जिल्ह्याच्या रेघांवरून जात नाहीत. या निवडणुकीत त्याला फार महत्त्व आलं. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्टला वारले आणि त्यांच्या जागेची पोटनिवडणूकही त्याच २० नोव्हेंबरला ठेवली गेली. म्हणजे जिल्ह्यातल्या नऊपैकी सहा मतदारसंघांत लोक दोन बटणं दाबणार होते आणि तिघांत एकच.

किनवटहून रेल्वेनं बोधडी, सहस्रकुंड, हिमायतनगर करत भोकरला उतरले. डब्यात सगळ्यांच्या तोंडी सोयाबीन होतं. १ आणि २ सप्टेंबरच्या पावसानं नांदेड, हिंगोली, परभणीची शेतं पाण्याखाली घातली होती. उरलेलं पीक काढून बाजारात न्यावं तर ओलावा निघे. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. मतदानाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा ती १५ टक्क्यांवर नेली गेली. "माल तोवर आडत्याच्या घरात गेला की," शेजारचे काका म्हणाले. त्यांनी दिवाळीआधीच विकलं होतं. बियाण्याची उधारी होती.

भोकरला चव्हाणांच्या घराची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. शंकरराव दोनदा मुख्यमंत्री, अशोकराव एकदा. मुदखेड मतदारसंघ पुनर्रचनेत गेल्यावर अशोकराव भोकरला आले. १३ फेब्रुवारी २०२४ ला ते काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि आता त्यांची मुलगी श्रीजया कमळावर उभी होती. चौकातल्या हॉटेलात मुरमुऱ्यांचा सुशीला खाताना एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं मला विचारलं, "बाई, माझ्या हाताला पंजाची सवय हाय. हात बदलावा का घर बदलावं?" त्याला उत्तर नको होतं. पन्नास वर्षं एकाच घरासाठी भिंती रंगवलेल्या माणसाची ती खरी अडचण होती आणि ती कुठल्याही सभेत बोलली जात नव्हती. सभा मोठ्या झाल्या होत्या. ९ तारखेला पंतप्रधान नांदेडला येऊन गेले, १४ ला राहुल गांधी आले. सोयाबीनला एक बाजू सहा हजार म्हणत होती, दुसरी सात हजार.

नांदेडहून लोह्याकडे. इथे घड्याळावर प्रतापराव पाटील चिखलीकर उभे होते. याच वर्षी लोकसभेला कमळावर वसंतरावांकडून हरलेले. समोर मशालीचे एकनाथ पवार, आणि शेकापकडून चिखलीकरांच्या सख्ख्या भगिनी आशाताई शिंदे. शेकापचं नाव इथे नवं नाही. कंधारचे केशवराव धोंडगे याच मन्याड खोऱ्यातले. जानेवारी २०२३ मध्ये वयाची शंभरी ओलांडून ते गेले. विधानसभेत विरोधी बाकावरून बोलणारा माणूस किती मोठा होऊ शकतो हे या भागानं त्यांच्यामुळे पाहिलं. कंधारला त्यांच्याविषयी बोलताना लोकांचा आवाज चढतो. आज निवडून आलेला प्रत्येक जण सत्तेतच हवा, असं तरुण पोरं म्हणतात. "निधी कुठून येणार मग?" या प्रश्नापुढे मी गप्प झाले, पण मला ते पटलेलं नाही. भांडणारा आमदार ही निधीइतकीच गरजेची गोष्ट आहे आणि मराठवाड्याला तर जास्तच.

अहमदपूर, चाकूर करत लातूर. शहर आणि ग्रामीण असे इथे दोन मतदारसंघ आणि दोन्हीकडे विलासराव देशमुखांचे मुलगे. शहरात अमित, ग्रामीणमध्ये धीरज. शहरात अमितरावांसमोर शिवराज पाटील चाकूरकरांच्या सूनबाई अर्चनाताई, भाजपकडून. लातूरकर कुणाला कायमचं डोक्यावर घेत नाहीत. १९९५ मध्ये खुद्द विलासरावांना शिवाजीराव कव्हेकरांनी पाडलं. चार वर्षांनी याच लातूरनं त्यांना निवडून दिलं आणि ते मुख्यमंत्री झाले. २००४ मध्ये चाकूरकरांना लोकसभेला रूपाताई निलंगेकरांनी हरवलं. त्याच वर्षी निलंग्यात रूपाताईंचे चिरंजीव संभाजीराव आपल्या आजोबांना, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव निलंगेकरांना, हरवून आमदार झाले. पुढच्या वेळी आजोबांनी नातवाला हरवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे लातूर शहर. तिथल्या बायका उमेदवाराला पहिलं विचारतात ते नळाला पाणी किती दिवसांआड येईल, हे.

लातूर ग्रामीणचं मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं. इथे २०१९ ला धीरज देशमुख निवडून आले तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर कुठलाच उमेदवार नव्हता, 'नोटा' होता. २७,५०० मतं. जागा युतीत शिवसेनेकडे गेली आणि इथल्या भाजपच्या लोकांना ते रुचलं नाही. रेणापूर तालुक्यातल्या एका पारावर मी त्याविषयी विचारलं. रेणापूर हा एकेकाळी स्वतंत्र मतदारसंघ होता. गोपीनाथ मुंडे इथूनच निवडून जात आणि १९९५ ला उपमुख्यमंत्री झाले तेव्हाही इथलेच आमदार होते. पारावरचा पस्तिशीतला एक जण म्हणाला, "मी दाबलं होतं नोटा. लोक म्हणायलेत मत वाया गेलं. वाया कसं? आमच्याशिवाय कुणाला मोजताच आलं नाही." तो आता भाजपच्या रमेश कराडांच्या प्रचारात होता. पाच वर्षं राग जपून, योग्य नाव यंत्रावर येईपर्यंत थांबणारा मतदार मला याआधी भेटलेला नव्हता.

बाजार समितीत सौदा सुरू होता. लातूरचा सोयाबीनचा भाव बघून सारा मराठवाडा आपला भाव धरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच आवारात दहा हजारांचा आकडा लागला होता, हे प्रत्येकाला तोंडपाठ. हमाल पोती रिचवत होते, ढिगात हात घालून दाणा दाताखाली धरला जात होता. निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याच्या मालाला चार हजार शंभर लागले. त्यानं पैसे खिशात घातले आणि म्हणाला, "घरात दोन खाती हायेत ताई. माझं हे. अन् मंडळीच्या खात्यात साडेसात हजार आलेले, लाडक्या बहिणीचे." राज्य सरकारच्या त्या योजनेत जुलैपासून महिन्याला दीड हजार, आणि आचारसंहितेआधी नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते जमा. "मग मत?" "माझं माझ्यापाशी, तिचं तिच्यापाशी." एका घरातल्या दोन खात्यांची ही गोष्ट पुढे मला ठिकठिकाणी ऐकू आली. बायका पैशाबद्दल मिंधेपणानं बोलत नव्हत्या. औषध, पोरीचा बसपास, भिशीचा हप्ता, असा हिशेब त्या सांगत. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बँकेचा मेसेज आला, ही गोष्ट शहरातल्यांनी हलक्यात घेऊ नये.

औशाला उद्धव ठाकरेंच्या हेलिकॉप्टरमधली बॅग तपासल्याची चर्चा अजून ताजी होती. किल्लारीला मी मुद्दाम थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावात आता त्या रात्रीनंतर जन्मलेल्यांचीच मुलं शाळेत आहेत. प्रचाराच्या पत्रकांत भूकंप कुठेही नव्हता.

उदगीरला आजोळच्या वाड्यात मुक्काम केला. माझे आजोबा १९५२ ला मतदान करून आले तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि आमदार हैदराबादला बसत. १९५६ ला राज्य बदललं, राजधानी मुंबई झाली, पुढे १९६० ला महाराष्ट्र. घर तेच राहिलं. आजही इथून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे आणि दवाखान्याला लोक तिकडेच जातात. राजधानीसारखा आमदारही लांबच. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर या राज्याच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत. एका सदस्यामागे साधारण साडेतीन हजार माणसं. तिथला आमदार मतदाराला नावानं ओळखत असेल. आपल्याकडे ९ कोटी ७० लाख मतदारांना २८८ आमदार, एकामागे तीन लाखांच्या वर. म्हणून जळकोटच्या टोकाला राहणाऱ्याला आमदार दिसतो तो फलकावर.

जळकोट, जांब, मुखेड. मुखेडला २०१४ ला गोविंद राठोड निवडून आले आणि शपथ घेण्याआधीच वारले. तेव्हापासून त्यांचे चिरंजीव तुषार आमदार. महाराष्ट्र आणि तेलंगणाचा संयुक्त लेंडी प्रकल्प इथेच, दोन पिढ्या रखडलेला. बुडीत क्षेत्रातल्या गावात घरं बांधावीत की नाही हे लोकांना ठरवता येत नव्हतं. देगलूर आणि बिलोली, धर्माबादच्या सीमेवरची गावं तर पलीकडे बघूनच जगतात. तिथे तेव्हा शेतकऱ्याला रयतू बंधू योजनेचे पैसे, शेतीला वीज. आम्हाला तेलंगणात घाला, अशी मागणी या गावांनी केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर रावांनी नांदेडला सभा घेतली तेव्हा गाड्या भरून माणसं गेली. त्याच वर्षअखेरीला त्यांची सत्ता गेली आणि त्यांच्या पक्षाचे इथले गुलाबी फलकही उतरले. मागणी कुणी उतरवून ठेवलेली नाही. सीमेवरच्या एका मास्तरांनी मला रस्त्यावर उभं करून दोन्ही बाजूंचं डांबर दाखवलं. त्यावर माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं. राज्यानं मात्र बोलायला हवं.

मतदानाच्या दिवशी नायगाव मतदारसंघात नर्सीच्या जवळ होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी सातलाच रांग लागलेली. आत दोन यंत्रं, पांढऱ्या कागदाचं लोकसभेचं, गुलाबी विधानसभेचं. डाव्या हाताच्या बोटाला शाई एकदाच. बाहेर लिंबाखाली एक मावशी नातवाला घेऊन बसल्या होत्या. मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगेंनी उमेदवार न देण्याचं ४ तारखेला सांगितल्यापासून त्यांच्या घरातले पुरुष कुणाला द्यायचं याचा काथ्याकूट करत होते. मावशींचं ठरलेलं होतं. "वसंतराव आमच्या नायगावचे. सरपंच होते तवापासून वळखीचे. गेले बिचारे. लेकाला एक दिलं. दुसरं ज्यानं पैसे दिले त्याला." मी विचारलं, ही दोन उलटी नाहीत का? "उलटी कशी? एक मयतीचं, एक मदतीचं."

२३ तारखेला नांदेडला मतमोजणी. विधानसभेच्या नऊच्या नऊ जागा महायुतीला. भोकरला श्रीजया, नायगावला राजेश पवार, देगलूरला जितेश अंतापूरकर, लोह्यात चिखलीकर. लातूर जिल्ह्यात सहापैकी पाच. फक्त शहरात अमित देशमुख साडेसात हजारांच्या आतल्या मताधिक्यानं राहिले. ग्रामीणला धीरज साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरले आणि पारावरचा तो माणूस जिंकला. राज्यात भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. टीव्हीवर त्सुनामी हा शब्द सकाळपासून होता. आणि लोकसभेची मोजणी मात्र खालीवर होत राहिली. वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण आणि भाजपचे संतुकराव हंबर्डे, दोघांनाही पाच लाख पंच्याऐंशी हजारांच्या वर मतं. शेवटी काँग्रेसचे चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. ज्या सहा मतदारसंघांनी त्यांना निवडलं, त्या सहाही ठिकाणी आमदार महायुतीचे. तीच रांग, तीच शाई, तेच बोट. लाटेत वाहून गेलेली माणसं असं करत नाहीत.

रात्री मावशींच्या लेकाचा फोन आला, त्यांनीच लावायला सांगितलेला. "ताई, आमचे दोन्ही आले बगा," त्या म्हणाल्या. "आता सोयाबीनचं कुणाला इचारायचं?" हमीभाव दिल्ली ठरवते आणि खरेदी केंद्रं राज्य उघडतं, दोघांनाही विचारा, असं मी सांगितलं. त्यांनी लेकाला वही आणायला लावली आणि दोन्ही नावं, पुढे दोन्ही कार्यालयांचे पत्ते, मला पुन्हा पुन्हा सांगायला लावून लिहून घेतले.