चार तास की नऊ

कॅप्टन असताना मी एका कागदावर ‘चार तास’ असं लिहिलं होतं. पूर्वेकडच्या डोंगरात एका नाल्यापासून वरच्या ठाण्यापर्यंत चढायला आमच्या एका कंपनीला किती वेळ लागेल, त्याचा तो आकडा. नकाशावर अंतर मोजलं, नियमाप्रमाणे चढणीची मिनिटं मिळवली. साडेपाच तास निघाले. पण वरच्या साहेबांना ती कंपनी दुपारच्या आत वर हवी होती, हे मला माहीत होतं, आणि साडेपाचाचे चार कसे झाले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कंपनी पोचली नऊ तासांनी, अंधार पडल्यावर. सराव होता, त्यामुळे कुणी गेलं नाही. दोन जवानांना मात्र उंची आणि थंडी बाधली, त्यांना पाठीवर घालून खाली आणावं लागलं. त्यांच्याबरोबर उतरून आलेल्या सुभेदारसाहेबांनी मला एवढंच विचारलं, “साहेब, पाठीवरचं वजन धरलं होतं का?”

लष्करात ‘अप्रिसिएशन’ म्हणजे कौतुक नव्हे. परिस्थिती समोर मांडून निर्णयापर्यंत पोचण्याची ती लेखी रीत आहे. आधी उद्देश, एका वाक्यात. मग जमीन, हवामान, दोन्ही बाजूंचं बळ, वेळ आणि अंतर, रसद. प्रत्येक मुद्द्याखाली त्यातून निघणारा निष्कर्ष. नदीला पाणी आहे, एवढं लिहून भागत नाही. पाणी आहे, म्हणून काय, तेही लिहावं लागतं. मग शत्रूला कोणते मार्ग खुले, आपल्याला कोणते, त्यातला कोणता घ्यायचा आणि का. तरुण अधिकाऱ्याला ही कारकुनी वाटते. मलाही वाटे. बंदुकीशी, नकाशाशी, माणसांशी आपलं नातं, कागदाशी कसलं? पण अधिकारी जसजसा वर चढतो तसतसा त्याचा बंदुकीशी संबंध सुटत जातो, आणि सेनापती झाल्यावर हातात उरतो तो हा कागदच. त्यावरच्या आकड्यांनी माणसं डोंगर चढतात.

उत्तर आधी ठरवायचं आणि मग त्याला शोभेल अशी परिस्थिती कागदावर रचायची, हे या कामातलं सर्वांत मोठं पाप. ते मी केलं होतं. ते ज्यांनी केलं नाही, अशा एका सेनापतीचं चरित्र मी त्यानंतर पुन्हा वाचायला घेतलं. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे. ‘माझी शिपाईगिरी’ हे त्यांचं आत्मचरित्र आमच्या घरी वडिलांच्या कपाटात होतं. लहानपणी त्यातल्या लढाया वाचल्या होत्या. आता मला त्यात दुसरंच काही हवं होतं.

सँडहर्स्ट, मग पंजाब रेजिमेंट, सरहद्दीवरची नोकरी: त्या पिढीच्या मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांचा ठरलेला रस्ता. खरी परीक्षा झाली 1945च्या सुरुवातीला, ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर, कांगॉ येथे. तिथे लढणाऱ्या 51व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियन हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. इंग्रजांच्या फौजेत हे अपूर्व होतं, कारण हिंदी माणूस बटालियन चालवू शकेल का, ही शंका तेव्हा उघडपणे बोलली जाई. तिघांनाही डीएसओ मिळालं. मला पदकापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. खाडी, चिखल, खारफुटी आणि समोर जपानी, अशा जागी ज्याने बटालियन चालवली, त्याला दारूगोळ्याची एक पेटी पुढे न्यायला किती माणसं आणि किती वेळ लागतो, हे आयुष्यभर कुणी सांगावं लागत नाही.

मग 1953मध्ये कोरिया. मायदेशी परत जायला नकार देणारे 22 हजारांवर युद्धकैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेचे ते प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला अडकवून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले आणि गोळीबार न होता तो अधिकारी सुटला. एवढ्या कैद्यांमध्ये बहुसंख्य चिनी होते. पुढे ज्या सैन्याबद्दल त्यांना लिहायचं होतं, त्याच्या माणसांना त्यांनी इतक्या जवळून पाहिलं होतं. दिल्लीत बसून चीनबद्दल मत देणाऱ्या किती जणांना असं म्हणता आलं असतं?

1957 ते 1961 या काळात ते पूर्व विभागाचे सेनापती होते. मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. मार्च 1959मध्ये दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले. ऑगस्टमध्ये लाँगजूला चिनी तुकडीने आसाम रायफल्सच्या ठाण्यावर गोळीबार केला आणि नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, सरहद्दीची जबाबदारी सैन्याकडे आली. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी आपलं अप्रिसिएशन वर पाठवलं. मी ते पुनःपुन्हा मनात मांडून पाहिलंय, विद्यार्थ्यांपुढेही मांडलंय.

चीन हल्ला करणार नाही, अशी त्या वेळी दिल्लीत खात्री होती. ही खात्री चीनच्या इच्छेबद्दलची. थोरातांनी इच्छा बाजूला ठेवली आणि चीनला काय करता येईल, ते मोजलं. आमच्या कामातली ही सर्वांत कठीण शिस्त. शत्रूचं मन आपल्याला दिसत नाही. त्याचे रस्ते, त्याची माणसं, त्याच्या गाड्या मोजता येतात. तिबेटच्या पठारावर चीनच्या गाड्या सीमेजवळ येऊ शकत होत्या. आपल्या बाजूला तेजपूरचं मैदान सोडलं की चढण, जंगल, पाऊस, खेचर आणि हमाल. सीमेवरच उभं राहून लढलो, तर त्याची रसद दाराशी आणि आपली कित्येक दिवसांच्या वाटेवर. म्हणून सीमेवर फक्त इशारा देणारी ठाणी ठेवायची आणि खरी लढाई बोमडिलासारख्या आतल्या रेषेवर द्यायची. तिथवर येईतो खिंडी ओलांडताना त्याची रसद ताणलेली असेल, आणि आपण मात्र आपल्या रस्त्याजवळ.

मार्च 1960मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी हेच वरिष्ठांसमोर मांडून दाखवलं. तो कागद संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना घबराट पसरवणारा वाटला, असं थोरातांनी लिहून ठेवलं आहे. 1961मध्ये ते निवृत्त झाले. लष्करप्रमुखपद त्यांच्याकडे न येता थापर यांच्याकडे गेलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1962च्या शरदात आपली 7वी ब्रिगेड नामका चूच्या काठी, अगदी सीमेला चिकटून उभी केली गेली. सुती कपडे, मोजका दारूगोळा, विमानातून टाकलेली रसद दऱ्यांत जाऊन पडायची. 20 ऑक्टोबरला चीनच्या हल्ल्यात ती ब्रिगेड मोडली. नोव्हेंबरात सेलाची खिंड गेली, बोमडिला गेलं. बोमडिलाला तेव्हा आपलं सैन्य होतंच, पण विखुरलेलं, तुटपुंजं. ती रेषा त्या कागदात जशी होती तशी कधी उभीच राहिली नव्हती. युद्धाच्या धामधुमीत नेहरूंनी थोरातांना बोलावून तो कागद पाहिला आणि हे आधी मला का दाखवलं नाही, असं विचारलं, अशी हकिकत त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

थोरातांना द्रष्टा म्हटलेलं मला रुचत नाही. द्रष्ट्याला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही, आणि मग न ऐकणाऱ्यांचा दोष कमी होतो. थोरातांनी मांडलेलं सगळ्यांना दिसण्यासारखं होतं. नकाशा तोच होता, खिंडी त्याच, खेचराची चालही तीच. त्यांनी फक्त हिशेब केला आणि आलेलं उत्तर कुणाला आवडेल म्हणून बदललं नाही. त्या रेषेसाठी हवं तेवढं सैन्य तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं, हेही त्याच हिशेबाचा भाग होतं आणि ते सैन्यही त्यांनी मागितलं होतं.

बोमडिलाला माझी बदली झाली तेव्हा पहिल्या पहाटे मी बाहेर येऊन उभा राहिलो. वरती सेलाच्या बाजूला ढग, खाली तेंगा खोऱ्यातून वळणं घेत येणारा रस्ता. आठ हजार फुटांवरचं गाव. दुसरीकडे तेरा हजार सातशे फुटांवरची खिंड. या दोन आकड्यांमधला फरक तिथे श्वासाला कळतो. मला त्या वेळी थोरातांचा कागद आठवला नाही, माझाच आठवला.

त्या सरावानंतरच्या रविवारी मी जवानाएवढंच ओझं पाठीवर घेऊन त्या नाल्यातून वर निघालो होतो. सुभेदारसाहेबांना बोलावलं नव्हतं, पण ते पहाटे पाचला नाल्याशी उभे होते, त्यांच्याही पाठीवर ओझं. निम्म्या वाटेवर पाऊस लागला. वर पोचून घड्याळ पाहिलं तेव्हा आठ तास चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी थर्मासातून चहा ओतला आणि म्हणाले, “अंधारात आणखी वीस मिनिटं धरा, साहेब.” सोमवारी मी कागदाच्या माझ्याकडच्या प्रतीवर चार खोडून नऊ लिहिलं, खाली सही आणि तारीख घातली, आणि प्रत वर पाठवून दिली.