बेकायदा, पण कोणत्या देशात?

सॉफ्टवेअरचा कर्ता आपल्या प्रताधिकारातले काही अधिकार, उदाहरणार्थ प्रत करण्याचा, चालवण्याचा किंवा फेरबदल करण्याचा अधिकार, ज्या अटींवर इतरांना देतो, त्या अटींच्या लेखाला परवाना म्हणतात. त्यामुळे परवान्याचा विषय ते सॉफ्टवेअर हाच असावा आणि त्याच्या साहाय्याने कोणी काय प्रसिद्ध करतो याच्याशी त्याचा संबंध नसावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. व्यवहारात मात्र संकेतस्थळ उभारण्याच्या काही साधनांच्या परवान्यांत ‘अश्लील, द्वेषमूलक अथवा बेकायदा मजकुरासाठी वापर करू नये’ अशा आशयाचे कलम असते, आणि बेकायदा कोणत्या देशाच्या कायद्याने, हा प्रश्न ते कलम सहसा मोकळाच सोडते.

प्रस्तुत लेखक ज्या दिवाळी अंकाच्या ऑनलाइन आवृत्तीचे काम पाहत होता, त्या अंकाचे संपादन पुण्यात होत असे, त्याचा सर्व्हर जर्मनीत होता आणि वाचक भारतात, युरोपात व अमेरिकेत विखुरलेले होते. छायाचित्रांचे दालन मांडण्यासाठी घेतलेल्या एका प्लगइनच्या परवान्यात वरील प्रकारचे कलम होते, आणि मजकूर जिथे जिथे वाचला जाईल तिथला कायदाही त्याने लागू केला होता. अंक जवळजवळ तयार झाल्यावर ते कलम लक्षात आले, हा दोष प्रस्तुत लेखकाचा. परवाना आधी वाचायला हवा होता. त्यानंतरचे दोन आठवडे अंकातील प्रत्येक पान ‘बेकायदा’ या एका शब्दापुढे धरून पाहण्यात गेले.

सर्वांत अवघड ठरला तो मराठी साहित्यावरील अश्लीलतेच्या खटल्यांविषयीचा दीर्घ लेख, कारण कायदा स्थळानुसार आणि काळानुसार किती पालटतो, हाच त्या लेखाचा विषय होता. डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी लंडनमध्ये 1960 साली ज्यूरीने निर्दोष ठरवली, आणि तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा 1964 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्यासाठी न्यायालयाने जी कसोटी लावली, ती ज्यांची मने अनिष्ट प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत त्यांना मजकूर बिघडवील का, असे विचारणारी 1868 सालच्या इंग्लंडमधील निवाड्याची कसोटी होती. पुढे चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ या कथेवरील खटलाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली लेखक निर्दोष सुटले. ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 सालच्या दिवाळी अंकात आली होती, ही गोष्ट दुसऱ्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना विशेष जवळची वाटणे साहजिक होते. ती जुनी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाच्या धारणांनुसार समग्र कृतीकडे पाहण्याची भूमिका घेतली. ‘अश्लील’ या ज्या शब्दाचा अर्थ लावण्यास एकाच देशाच्या न्यायालयांना अर्धे शतक लागले, तो शब्द प्लगइनच्या परवान्यात एका ओळीत, व्याख्येशिवाय येतो आणि त्याचा निर्णय प्लगइनचा विक्रेता करणार असतो, ही स्थिती प्रस्तुत लेखकाला अन्यायाची वाटली व आजही वाटते.

दालनातील स्वस्तिकाच्या रांगोळ्यांच्या छायाचित्रांचा प्रश्न वेगळा होता. जर्मन दंडसंहितेचे कलम 86अ घटनाविरोधी संघटनांची चिन्हे जाहीरपणे वापरण्यास मनाई करते आणि नाझी पक्षाचे चिन्ह त्यात मोडते. कला, विज्ञान, शिक्षण यांसारख्या हेतूंना त्यातून सूट आहे. लक्ष्मीपूजनाच्या पाटाभोवती काढलेले स्वस्तिक हे त्या संघटनेचे चिन्ह नव्हे, हे जर्मन न्यायालयाला पटवता येते. चिन्हाचा संदर्भ न्यायालये पाहतात: 2007 साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालयाने काट मारलेले नाझी चिन्ह विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही, तो नाझी विचाराला विरोधच करतो म्हणून, दोषमुक्त केले होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2022 साली नाझी चिन्हावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध व जैन धर्मीयांच्या वापराला कायद्यातच सूट दिली. परवान्यातील कलमाला असा संदर्भ पाहण्याची सवय नसते. अंकातील भारताच्या नकाशाबाबतची अडचण उलट दिशेची होती, कारण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत नकाशा छापणे हा भारतात 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, तर युरोपात सहज उपलब्ध असलेले नकाशे वेगळ्या रेषा दाखवतात.

अटीचा भंग झाल्यास काय होते, हे समजण्यासाठी ‘करारातील वचन’ आणि ‘परवान्याची अट’ यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो: वचन मोडले तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, परंतु ज्या अटीवर अधिकार मिळाला ती अटच मोडली तर अधिकार संपतो आणि वापर प्रताधिकाराचे उल्लंघन ठरू शकतो. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने 2008 साली, खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या वादात, हाच भेद मान्य केला. भारतात तर प्रताधिकार कायद्याच्या कलम 63ब नुसार उल्लंघन करणारी सॉफ्टवेअरची प्रत जाणूनबुजून वापरणे हा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणजे मजकुराविषयीची शंका, ज्या न्यायालयापुढे ती खरोखर मांडली गेली पाहिजे त्याला वळसा घालून, सॉफ्टवेअरच्या चोरीचे रूप घेऊ शकते.

मुक्त सॉफ्टवेअरची परंपरा हा धोका ओळखून आहे. कोणत्याही हेतूसाठी सॉफ्टवेअर चालवण्याचे स्वातंत्र्य तिथे पहिले मानले जाते, आणि ओपन सोर्सच्या व्याख्येत विशिष्ट कार्यक्षेत्राविरुद्ध भेद करणारा परवाना बसत नाही. जेसन या माहिती-मांडणीच्या पद्धतीसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी लिहिलेल्या परवान्यात सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे, अशी अट होती. हेतू निर्मळ असूनही डेबियनसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायांनी ती नाकारली, कारण चांगले कोणते हे ठरवणारा न्यायाधीश त्या अटीत कोणीच नव्हता.

विक्रेत्याला विचारलेल्या प्रश्नाला आलेले उत्तर सौजन्यपूर्ण होते, पण त्यात एवढेच म्हटले होते की निर्णय त्यांच्या विवेकावर राहील आणि शंका असल्यास छायाचित्रे काढून टाकणे सुरक्षित ठरेल. संपादक मंडळाने छायाचित्रांऐवजी प्लगइनच काढून टाकले. मुक्त परवान्याखालील साध्या दालनात पाने पुन्हा बसवायला दिवाळीपूर्वीच्या चार रात्री गेल्या, अश्लीलतेच्या खटल्यांचा लेख एकाही शब्दाच्या काटछाटीशिवाय गेला, आणि स्वस्तिकाच्या रांगोळीखाली, ती कोणी, कोणत्या सणाला आणि कशासाठी काढतात हे सांगणाऱ्या दोन ओळी मराठीत व जर्मनमध्ये छापल्या.