तीन आठवड्यांची कातडी

त्वचादानाचा विषय निघाला की ‘रक्तगट जुळायला नको का?’ हा प्रश्न हमखास येतो. मूत्रपिंडाचा नियम आपण त्वचेलाही लावून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की, भाजलेल्या रुग्णासाठी परकी त्वचा जुळवत बसण्यापेक्षा ती वेळेवर मिळणं महत्त्वाचं. परकी त्वचा कायमची रुजत नाही, हे १९४३ सालीच ग्लासगोत दिसलं. शल्यविशारद गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ मेडावर यांनी भाजलेल्या एका तरुणीच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेच्या चिमुकल्या चकत्या लावल्या. पहिल्या खेपेच्या चकत्यांनी आधी मूळ धरलं, मग त्या नष्ट झाल्या. दुसऱ्या खेपेच्या त्याहून लवकर गेल्या. शरीरानं परक्याला ओळखून ठेवलं होतं. पुढे मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं.

यावर जाणकार म्हणतील की, जुळणीनं फरक पडतोच. खरं आहे. बॅचेलर आणि हॅकेट यांनी १९७० मध्ये दाखवलं की ऊतींची खूण, म्हणजे एचएलए, जितकी जवळची तितकी दात्याची त्वचा भाजलेल्या रुग्णावर जास्त टिकते. पण जास्त टिकते, कायमची नव्हे. तो मान फक्त एकरूप जुळ्या भावंडाच्या त्वचेचा. शिवाय खूण जुळणारा दाता सापडेपर्यंत उघडी जखम थांबत नाही. तिच्यातून पाणी आणि प्रथिनं झिरपत राहतात, जंतू आत शिरतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावीत, तर जंतुसंसर्गानंच दगावू शकणाऱ्या माणसाची ढालच आपण काढून घेतो. म्हणून त्वचापेढी वेगळा मार्ग धरते. मृतदेहाच्या मांड्या, पाय, पाठ यांवरून पातळ थर घेऊन तो ग्लिसरॉलमध्ये ठेवतात. त्यातल्या पेशी जिवंत राहत नाहीत, त्यामुळे प्रतिकाराची धारही बोथट होते. दोन-तीन आठवडे हे आवरण टिकलं, तरी तेवढ्यात रुग्णाची स्वतःची त्वचा टप्प्याटप्प्यानं लावता येते.

देह विद्रूप होईल, ही भीती उरते. पण थर कागदासारखा पातळ असतो. चेहऱ्याला हात लागत नाही, थर काढलेला भाग पट्टीनं झाकतात. आणि रक्तगट विचारत नाहीत. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर इथं त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत फोन करायचा असतो. तेव्हा नंबर आजच घरात लिहून ठेवा.