लाकडी खांबांवर उभे ॲमस्टरडॅम

युरोपच्या वाटेवर ॲमस्टरडॅमला जायचे तर विमान स्खिपोलला उतरते, आणि उतरते ते एका जुन्या तळ्याच्या तळाशी! हे ऐकून आमच्या अभ्यासदौऱ्यातल्या एका बागाईतदार काकांनी पायाखालची फरशी बुटाने दोनदा ठोकून पाहिली. पण गोष्ट खरी आहे. इथे हारलेमरमीर नावाचे विस्तीर्ण तळे होते. वादळवाऱ्यात ते काठच्या जमिनी गिळत चालले, तेव्हा डच लोकांनी भोवताली बांध घातला, तीन ठिकाणी वाफेचे पंप बसवले आणि १८५२ साली ते कोरडे केले. तळात शेती उभी राहिली, पुढे विमानतळ झाला. ही जमीन आजही समुद्राच्या पातळीपेक्षा तीन-चार मीटर खाली आहे. तिथून आगगाडीने पाव तासात आपण शहरात पोचतो.

ॲमस्टरडॅम ही नेदरलँड्सची राजधानी, पण सरकारचा कारभार चालतो हेग शहरातून. आम्स्टेल नदीवर बांध घातला म्हणून हे नाव पडले. शहराखालची जमीन भुसभुशीत आहे, अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचा जाड थर. आपल्या भाषेत सांगायचे तर न मुरलेले कंपोस्टच. त्यावर घर कसे टिकणार? म्हणून लाकडी खांब थेट खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकायचे आणि त्यावर इमारत चढवायची. डॅम चौकातला राजवाडा मुळात सतराव्या शतकातली नगरपालिकेची इमारत. तिच्याखाली १३,६५९ खांब आहेत.

लाकूड पाण्यात कुजत नाही का, असे तुम्ही विचाराल. आपला मुरघास आठवा. हवा लागली नाही तोवर चारा टिकतो, फट पडली की बुरशी धरते. खांबांचेही तसेच. पाण्याखाली आहेत तोवर शेकडो वर्षे टिकतात, पाणी उतरून माथे उघडे पडले की कुजायला लागतात. म्हणून शहरातल्या कालव्यांची पातळी फार जपावी लागते. आपण पर्यटक नावेत बसून या कालव्यांच्या काठची सुंदर घरे पाहतो, पण ती घरे या पाण्याच्या भरवशावर उभी आहेत.

शहराबाहेरच्या शेतकऱ्याला मात्र पाणी खाली हवे असते, नाहीतर गाई आणि ट्रॅक्टर चिखलात रुततात. पाणी उपसले की त्या पालापाचोळ्याच्या जमिनीत हवा शिरते, ती कुजते आणि खचते. जमीन खचली की पाणी पुन्हा वर आल्यासारखे होते, आणि पुन्हा उपसा! या ओढाताणीत पातळी ठरवतात ती जलमंडळे. तेराव्या शतकापासून ही पद्धत चालत आली आहे. आज अशी २१ मंडळे आहेत. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते, त्यांचा स्वतंत्र कर असतो आणि शेतकऱ्यांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. आपल्याकडच्या पाणीवापर संस्थांच्या सभासदांनी हे एकदा जरूर पाहावे.

मुक्कामाविषयी दोन शब्द. जुन्या घरांतली हॉटेले अरुंद, आणि जिने म्हणजे जवळजवळ शिडीच. घराच्या माथ्याला आकडा असतो, त्याला दोर लावून सामानसुमान खिडकीतून आत घेत. गुडघे दुखत असतील तर खोली ठरवतानाच लिफ्टची चौकशी करावी. २०२४ पासून खोलीभाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे. हारलेम गावी उतरून रोज आगगाडीने यावे, ते बहुधा स्वस्त पडते. जेवणाची काळजी नको. सुरिनामहून आलेल्या लोकांच्या खानावळीत रोटी आणि बटाट्याची भाजी मिळते. १८७३ पासून मजुरीसाठी तिकडे नेलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या माणसांची ही नातवंडे-पतवंडे.

पाहण्यासारखे खूप आहे. ॲन फ्रँक या ज्यू मुलीचे कुटुंब १९४२ ते १९४४ लपून राहिले ते घर पाहून बाहेर आल्यावर आमच्यात बराच वेळ कोणी बोलले नाही. व्हॅन गॉगच्या संग्रहालयात १८८५ सालचे ‘बटाटे खाणारे’ हे चित्र चुकवू नये. दिव्याच्या उजेडात एकाच ताटातून जेवणारे शेतकरी कुटुंब आहे, आणि त्यांचे हात मातीत राबलेले दिसतात. नगरपालिकेच्या इमारतीत काचेच्या उभ्या नळ्यांत पाणी भरलेले आहे. त्यातली एक नळी १९५३ च्या महापुराची उंची दाखवते, साडेचार मीटरच्या वर. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली. नळीखाली उभे राहून मान वर करावी लागते.

एका दिवसाच्या सहलींत झान्स स्खान्सच्या पवनचक्क्या आणि उन्हाळ्यात शुक्रवारी सकाळी भरणारा अल्कमारचा चीज बाजार आहेच. आम्हाला ओढ होती आल्समेरच्या फुलबाजाराची. आपल्या बाजार समितीत बोली चढत जाते, इथे घड्याळाच्या काट्यासारखा भाव वरून खाली धावतो. जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याचा माल. अंमळ थांबलात तर दुसऱ्याने उचललाच! आता बहुतेक खरेदीदार आपल्या कचेरीतूनच संगणकावर बोली लावतात. बाजार सहकारी आहे, मालक फूलउत्पादक स्वतः. केनिया-इथिओपियाचे गुलाब तिथे ढिगांनी येतात. फेब्रुवारीच्या हंगामात आपल्या मावळातलाही गुलाब युरोपला जातो, त्यामुळे काका प्रतवारीकडे डोळे लावून होते.

शेवटच्या दिवशी बसने उत्तरेच्या वॉटरलँड भागात गेलो. हिरवी कुरणे, कुंपणाऐवजी पाण्याचे चर, काळ्या-पांढऱ्या गाई. एका गोठेवाल्याशी दुभाष्यामार्फत बोललो. त्याचे घर खांबांवर, म्हणून जागच्या जागी. अंगण मात्र खचत चाललेले. आजोबांच्या वेळी दाराला एक पायरी होती, आता तीन आहेत. पाणी थोडे वर ठेवले तर खचणे मंदावेल, पण वसंतातला गवताचा पहिला कापा लांबेल आणि कमी भरेल. जलमंडळाच्या पुढच्या निवडणुकीत कोणाला मत द्यायचे, हे त्याचे अजून ठरले नव्हते. बायकोचे मात्र ठरले होते, आणि ते त्याच्या उलट असणार असे तो हसत म्हणाला.