केंब्रिजची एक खुली रात्र

केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत जेवणघराच्या एका टोकाला उंच चौथरा असतो. त्यावरच्या लांब मेजाला ‘हाय टेबल’ म्हणतात. फेलो, म्हणजे कॉलेजचे अध्यापक-सदस्य, तिथे बसतात आणि विद्यार्थी खाली. वाढणारे, फाटकावरचे पोर्टर, खोल्या आवरणाऱ्या ‘बेडर’ हे तर या दोन्ही पंगतींच्या बाहेरचे. कित्येक कॉलेजांत हिरवळीवरून कोणी चालायचे हेही ठरलेले आहे. इथे नव्याने आलेल्या मराठी मुलाला अभ्यासापेक्षा ही उतरंड आधी कळते.

म्हणूनच कॉलेजच्या बारमध्ये ‘ओपन माइक’ची रात्र भरते, तेव्हा ती नीट पाहावी. दाराशी एक कागद आणि पेन. ज्याला काही सादर करायचे असेल त्याने नाव लिहायचे. पाच-दहा मिनिटे त्याची. दोन माइक, एक छोटा अँप, नावे पुकारणारा एखादा निवेदक. निवड नाही, परीक्षक नाही, बक्षीस नाही. पहिल्या वर्षाची मुलगी थरथरत्या आवाजात स्वतः रचलेले गाणे म्हणते, मग प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ गिटारवर ब्लूज वाजवतात, मग ग्रंथालयातल्या बाई कविता वाचतात. त्यांच्याकडून रोज पुस्तके घेणाऱ्या मुलांना त्या लिहितात हे त्या रात्रीच समजते. कागदावर पदवी लिहायची नसते, हुद्दाही नाही.

या रात्रीची सर्वांत जास्त गरज पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या मंडळींना असते. ते विद्यार्थी नसतात आणि बहुतेक जण फेलोही नसतात. दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेले, बहुधा परदेशी, दिवसभर प्रयोगशाळेत. भारतातून आलेल्यांपैकी पुष्कळ जण याच वर्गातले. त्यांना या शहरात प्रयोगाच्या निकालाशिवाय आणखी काही म्हणून ओळखले जाण्याची ही मोजक्या संधींपैकी एक.

कायद्यानेही अशा रात्रींना हात दिला आहे. 2003 च्या परवाना कायद्याने लहान जागेतल्या गाण्याबजावण्यालाही परवानगीची कटकट लावली होती. 2012 च्या ‘लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्ट’ने ती सैल केली. आता मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत रात्री अकरापर्यंत, 500 पर्यंत श्रोत्यांसमोर ध्वनिवर्धकावर गायला वेगळा परवाना सहसा लागत नाही.

हा मोकळेपणा केंब्रिजला वारशात मिळालेला नाही. स्त्रियांना इथे पूर्ण पदवी मिळू लागली ती 1948 पासून. विनोदी प्रहसने करणारी ‘फूटलाइट्स’ ही विद्यार्थी मंडळी 1883 सालची; जॉन क्लीझ, एमा थॉम्पसन, स्टीफन फ्राय तिच्यातूनच पुढे आले. पण स्त्रियांना तिचे पूर्ण सदस्यत्व 1964 च्या सुमाराला मिळाले. तेव्हा अध्यक्ष होता एरिक आयडल, आणि पहिल्या सदस्यांत होती जर्मेन ग्रीअर. पार्क स्ट्रीटवरच्या एडीसी थिएटरात रात्री उशिरा होणारे फूटलाइट्सचे ‘स्मोकर’ हे विनोदी कार्यक्रम आजही गर्दी खेचतात. त्यांत कोणीही विद्यार्थी हजेरी लावू शकतो, पण आधी चाचणी द्यावी लागते. कॉलेजच्या बारमधल्या कागदाला तीही अट नाही.

बिनपरीक्षेच्या जागेतून काय उगवू शकते याचे उदाहरण फिट्झविल्यम कॉलेजात सापडते. मराठी वाचकाला हे नाव परके नाही: 1957 साली जयंत नारळीकर गणित शिकायला आले ते इथेच, तेव्हाच्या ‘फिट्झविल्यम हाउस’मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी निक ड्रेक नावाचा मुलगा तिथे इंग्रजी साहित्य शिकायला आला. अतिशय लाजरा. मोठ्या मंचावर तो कधीच रमला नाही. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत, मित्रांच्या छोट्या बैठकींत गिटार घेऊन गायचा. रॉबर्ट कर्बी हा कीज कॉलेजातला संगीताचा विद्यार्थी त्याला केंब्रिजमध्येच भेटला. ड्रेकच्या 1969 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतल्या काही गाण्यांचे तंतुवाद्यसंयोजन या कर्बीने केले, आणि त्याआधी व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा त्याला अनुभव नव्हता. ड्रेकने पदवी पूर्ण केली नाही. 1974 साली, अवघ्या 26 व्या वर्षी तो गेला. हयातीत त्याच्या ध्वनिमुद्रिका फारशा खपल्या नाहीत, आज त्या जगभर ऐकल्या जातात. त्याला गुण देणारा परीक्षक समोर बसला असता, तर तो गायला उभा राहिला असता का, याची शंकाच आहे.

पुण्या-मुंबईतून आलेली मुले मंचाला नवखी नसतात. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेने पिढ्यान्‌पिढ्या नट आणि दिग्दर्शक घडवले. भरत नाट्य मंदिरातल्या त्या आरोळ्या ज्याने ऐकल्या तो त्या विसरत नाही. करंडकाची शिस्त मोलाची आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण तिथे तालमीला निवडलेली मुलेच असतात, आणि स्नेहसंमेलनातही कार्यक्रम ठरतात ते चाचणी घेऊनच. जो निवडला गेला नाही तो वर्षभर प्रेक्षक. कॉलेजचे शिपाईमामा उत्तम भजन म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यांच्या हातात माइक मात्र कोणी देत नाही.

हे बदलायला पैसा लागत नाही. कँटीनच्या एका कोपऱ्यात महिन्यातून एक संध्याकाळ, एक माइक आणि दाराशी एक कागद एवढे कुठल्याही कॉलेजला जमण्यासारखे आहे. प्राचार्यांनी फक्त एक करावे: पहिल्याच कागदावर ग्रंथपालांचे आणि शिपाईमामांचे नाव स्वतः विचारून लिहावे. आणि ऑक्टोबरात जी मुले केंब्रिजला किंवा अशाच एखाद्या परक्या विद्यापीठात पोचतील, त्यांनी पहिल्याच महिन्यात असा कागद शोधावा, त्यावर आपले नाव लिहावे आणि मराठीतच गावे.